दाराखालचे पाय

ओठांत तीन टाचण्या धरून म्हातारी नातीच्या फ्रॉकची कड दुमडत होती आणि तशाच मिटल्या ओठांनी हुकूम सोडत होती.

"सरळ उभी राहा. हललीस तर टाचणी घुसेल, मग मला बोल लावू नकोस."

नात हलली नाही. टाचण्यांआडून आवाज आला म्हणजे या घरात कुणीच हलत नसे.

फ्रॉक परवाच्या सिनेमासाठी होता. धाकटी लेक दूरच्या शहरात ॲनिमेशनच्या कंपनीत होती आणि गेली चार वर्षं एका सुपरहिरोला उडवत होती. चार वर्षांत घरी एकदाच आली, तीही कॅमेरा घेऊन. दोन दिवस आईला चालायला लावलं, कापड फाडायला लावलं, टाचण्या तोंडात धरून बोलायला लावलं. चित्रातल्या माणसाला चालवायचं तर आधी खऱ्या माणसाची चाल टिपावी लागते, म्हणे. तेवढ्यावरून म्हातारीनं ताडलं, की सुपरहिरोची आई म्हणजे आपणच. एवढा अंगाबरोबर बसलेला पोशाख कुणीतरी शिवलाच असणार की! चाळीस वर्षं मशीन चालवून दोन लेकरं एकटीनं वाढवलेली बाई घरात असताना धाकटी दुसरीकडे कशाला जाईल? सगळ्या इमारतीला तिनं हे सांगून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईला तर दोनदा.

पास आले तेव्हा सोबत धाकटीच्या अक्षरात एक ओळ होती : आई, यायलाच हवं असं नाही.

"आईला दगदग नको म्हणून," म्हातारीनं सगळ्यांना बजावलं होतं. "काळजी आहे पोरीला."

सिनेमा काल पत्रकारांना दाखवला होता. आज दुपारपासून ज्याचं त्याचं मत फोनवर येऊन आदळत होतं. थोरला खुर्चीत बसून वाचत होता आणि मधूनच हसत होता.

"मोठ्यानं वाच की. ऐकायला तिकीट काढू का?"

"'डोळ्यांचं पारणं फिटलं,'" थोरला वाचू लागला. "'असं उडणं आजवर पाहिलं नाही.' 'हिरो बरा आहे, पण सगळा सिनेमा खाल्लाय तो शिंपिणीनं. ती दारापाशी येते तेव्हा...'"

तो थांबला.

"शिंपीण म्हणजे मी," म्हातारी नातीला म्हणाली. "पुढं?"

"रेंज गेली."

"फोनची की जिभेची?"

भाजी चिरणारी सून उठून नवऱ्याच्या मागे आली. त्याच्या खांद्यावरून तिनं फोनमध्ये पाहिलं, मग नातीकडे पाहिलं, आणि जाऊन नळाखाली धुतलेलेच हात पुन्हा धुवायला लागली. थोरल्यानं फोन पालथा घातला. संध्याकाळपर्यंत तो पालथाच राहिला.

जिन्यात नर्सबाई भेटली. रोज दहा मिनिटं गुडघ्याची चौकशी करणारी बाई आज नुसती हसली आणि भिंतीच्या कडेकडेनं उतरून गेली.

"जळतात मेले," म्हातारी म्हणाली. पण हळूच म्हणाली, आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चाचपला.

दोन दिवसांनी सकाळचा खेळ होता, चित्रकारांच्या घरच्यांसाठी. शिंपीण पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा म्हातारीनं सुनेला कोपर मारलं. डावा गुडघा न वाकवता टाकलेलं पाऊल, कमरेला किल्ल्या, ओठांत टाचण्या.

"बघ, बघ! जशीच्या तशी उचललीय पोरीनं."



मग शिंपीण एका मुलीच्या सावलीपाशी बसली आणि ती सावली जमिनीला शिवू लागली. टाका बारीक, एकसारखा. जिची सावली शिवली ती पोर घराबाहेर पाऊल टाकू शकत नव्हती. मागच्या रांगेत एक लहान मूल रडू लागलं. म्हातारीचं कोपर पुन्हा हललं नाही.

बरंच पुढं गेल्यावर शिंपिणीनं त्या मुलीला कापडाच्या खोलीत लोटलं. दार लागलं. किल्ली फिरली. एकदा, आणि पुन्हा एकदा. पडदा काळा झाला. खाली दाराच्या फटीत उजेडाची रेघ तेवढी उरली, आणि त्या रेघेत दोन पाय. डाव्याची टाच किंचित उचललेली. संगीत नाही, काही नाही. पाय जात नव्हते. शेजारच्या बाईनं डोळे झाकून घेतले.

चाल दाखवली होती, कापड फाडून दाखवलं होतं. हे दार म्हातारीनं कॅमेऱ्यासमोर कधीच लावलं नव्हतं.

ते पाय तिथून का हलत नव्हते, हे त्या भरल्या थिएटरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. आतलं रडं थांबेपर्यंत त्यांना जाता येत नसे.

अंधारात नातीनं आजीच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि ती आईच्या मांडीवर चढली.

बाहेर धाकटीभोवती गर्दी होती. "ती शिंपीण! सुचली तरी कशी?" जो तो विचारत होता. धाकटी हसून मान हलवत होती. घरचे दिसले तशी ती गर्दीतून बाहेर आली.

"कसा वाटला, आई?"

म्हातारीनं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"किल्ली मी एकदाच फिरवायचे."

थोरल्यानं चमकून वर पाहिलं. त्या खोलीचं नाव इतक्या वर्षांत घरात कुणी काढलं नव्हतं.

"दोनदा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी आतून मोजायचे."

"हट्टी होतीस."

"सहा वर्षांची होते."

म्हातारीची नजर नातीकडे गेली. तीही सहाचीच. फ्रॉकची कड सरळ बसली होती, पण त्या कडेत एक टाचणी तशीच राहिली होती. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"आणि पाय?" धाकटीनं विचारलं. "पाय बरोबर आलेत?"

म्हातारीनं तोंड उघडलं. धाकटी एक पाऊल पुढं आली. तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी ओठ जुन्या सवयीनं मिटले.

"बरोबर आलेत," ओठांच्या फटीतून आवाज आला.

धाकटी थांबून राहिली, पुढं आणखी काही येईल म्हणून.

म्हातारी टाचणी काढायला वाकली. हात पुढं होताच नात आईच्या मागं सरकली आणि कमरेच्या किल्ल्या खळकन वाजल्या. त्या आवाजासरशी धाकटीचे खांदे कानांपाशी गेले. तीस वर्षांची बाई, आणि जागच्या जागी एवढीशी झाली.

म्हातारीनं जुडगा मुठीत आवळला. तो पुन्हा वाजू नये म्हणून ती तशीच उभी राहिली, न बोलता, न हलता, डाव्या पायाची टाच किंचित उचलून.