सातवी सूचना

शाळेच्या सिस्टरनं, म्हणजे नर्सनं, पालकांसाठी काढलेला सूचनांचा कागद तुमच्याही घरी कधी आला असेल. आमच्या सावली गावात जो वाटला गेला, तो मी टाईप केला होता. तहसीलसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे आणि सिस्टर म्हणजे नूतन, पाचवीपासून बारावीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेली. त्यामुळं टायपिंग, मांडणी, शुद्धलेखन, सगळं आपसूक माझ्या गळ्यात पडलं. त्या दिवशी मात्र मला त्याचं काही वाटलं नाही. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो होतो.

"तिसरी सूचना, उवा," नूतन म्हणाली.

"'केसांची स्वच्छता' लिहू का? बरं दिसंल."

"उवाच लिही. स्वच्छता म्हटलं का बाया तेल लावून वेणी घालून देतेत, आत बाजार भरलेला तसाच."

चौथी सूचना तापाची होती. मुलाला ताप असेल तर घरी ठेवावे, सकाळी गोळी देऊन शाळेत पाठवू नये. "धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सगळ्या हेच करतेत," ती म्हणाली. "गोळी देतेत, पोरगं थंड झालं का व्हॅनमंदी बसवतेत आन् बांधीवर जातेत. बारा वाजता गोळी उतरते आन् पोरगं माह्या खोलीत कुडकुडत बसते." मग तिनं सातवी सांगितली, आणि ती ठळक अक्षरांत हवी म्हणून बजावलं. 'मुलाचा कोणताही आजार शाळेपासून लपवू नये. दिलेली माहिती फक्त सिस्टरकडे राहील, शाळेबाहेर जाणार नाही.'

माझी बोटं थांबली.

"हे खरं का वं?" मी विचारलं.

"कपाटाची किल्ली माह्या कमरेले असते. झोपताना बी," ती म्हणाली.

नंदिनीचं मी तिला त्या दिवशी सांगितलं. माझी नंदिनी तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती. ती दोन वर्षांची असताना गडचिरोलीला तपासलं, सिकलसेल निघालं. हा आजार रक्तातून येतो. आई आणि बाप दोघांकडून आला तर लेकराला भोगावा लागतो, एकाकडूनच आला तर नुसता अंगात राहतो, त्रास देत नाही. मी आणि माझा नवरा प्रफुल, आम्ही दोघंही असे नुसते बाळगणारे निघालो. रिपोर्टात आम्ही एएस आणि आमची पोर एसएस. थंडी लागली, पाणी कमी पडलं, फार धावली की तिचे हातपाय असे ठणकतात की तिला हात लावायची सोय राहत नाही.

हे चारच माणसांना माहीत होतं. मी, प्रफुल, माझी आई आणि माझी धाकटी बहीण दिव्यानी. लपवायचं कारण दिव्यानीच होती. आमच्या भागात सिकल घरोघरी सापडतो, पण नाव कोणीच काढत नाही. एका लेकराचं कळलं की लोक त्या घरातल्या सगळ्या पोरी मोजून बाजूला काढतात. दिव्यानीचं लग्न व्हायचं होतं. ती वडशाला शाळेत शिकवते, शिकलेली आहे, हुशार आहे, पण पाहुणे आल्यावर हे कोण बघतं?

म्हणून आजपर्यंत कोणत्याही फॉर्मवर मी 'आजार: नाही' असंच लिहीत आले होते. नूतनसाठी पहिल्यांदा खरं लिहिलं. माझ्या अक्षरात, सही करून. कागदाची चार पदरी घडी घालून मी तो तिच्या हातात दिला, तेव्हा मला रडूच आलं. कोणाला तरी सांगून टाकलं, एवढंच.

आणि नूतननं सांभाळलंही, हे मी नाकारणार नाही. नंदिनीच्या बाटलीतलं पाणी संपलं की नाही ते ती दोन तासांनी बघायची. प्रार्थनेला उन्हात उभं करायची नाही. धावण्याच्या शर्यतीत तिच्या हातात शिट्टी दिली, म्हणजे पोर खेळातही राहिली आणि धावावंही लागलं नाही. नंदिनी घरी येऊन शिट्टी वाजवून माझं डोकं उठवायची. मला वाटायचं, देवमाणूस मिळाली.

डिसेंबरात नूतनच्याच घरून दिव्यानीला मागणं आलं. तिचा भाऊ राजदीप चंद्रपूरकडं वनरक्षक आहे. त्यानं दिव्यानीला वडशाला नाटकाच्या गर्दीत पाहिलं होतं, मग दोघं फोनवर बोलायला लागले होते. घरं ओळखीची, समाज एक. जानेवारीच्या शेवटी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. दिव्यानीनं साडी घेतली, आणि तिला निळा रंग शोभत नाही असं मी म्हटलं म्हणून माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

साक्षगंधाला आठ दिवस असताना त्यांचा निरोप आला की सध्या थांबू. राजदीपच्या बदलीचं चाललंय म्हणे. आम्ही बिचारे खरं मानून बसलो. दिव्यानी रोज फोन लावायची आणि तो उचलायचा नाही, तरी आम्ही म्हणत होतो, जंगलात रेंज नसेल.

खरं कळलं ते पौर्णिमेला, विहारात. बुद्धवंदना झाल्यावर आईनं नूतनच्या आईला, बायनाबाईंना, सरळ विचारलं. बायनाबाई हळू बोलणाऱ्यातल्या नाहीत. चार बायांसमोर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी सिकल आहे, बाई. तुमच्या हर्षानं सोता लिहून देल्लं शाळेत, सही करून. आमच्या नूतनकडं कागद आहे."

आई घरी आली आणि तिनं मला एवढंच विचारलं, "तू कागद देल्ला होता?"

मी दुकान उघडं टाकून शाळेत गेले. नूतन एका पोराच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती. पोरगं जाईपर्यंत मी दारात उभी राहिले. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला, म्हणजे मला काही विचारायचीही गरज उरली नाही.

"माह्या भावाचा सवाल होता, हर्षा," ती म्हणाली. "दोघं बी एएस निघाले असते तर? उद्या लेकरू नंदिनीसारखं झालं असतं तर? मी फक्त आईले सांगतलं."

"दिव्यानी एए आहे," मी म्हटलं. "तिच्या रक्तात सिकल नाईच. कॉलेजच्या कॅम्पमंदी तपासलं. रिपोर्ट माह्या कपाटात आहे. तू मले एका शब्दानं विचारलं असतं तर मी आणून देल्ला असता."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "'दोघं बी' म्हणजे? राजदीप एएस आहे?"

तिनं मान खाली घातली.

आता सांगा, कोणाला राग येणार नाही? तिचा भाऊ एएस. त्याला एए मुलगीच बघायला हवी होती, म्हणजे अगदी दिव्यानीसारखी. आमची गोष्ट तिच्या घरी पोचली, तिच्या घरची आमच्याकडं आली नाही. आमचा कागद बाहेर काढला आणि स्वतःच्या भावाचा झाकून ठेवला. बाहेरच्या कोणी केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. हिच्याशी भांडायचं तरी कसं? जिला विश्वासानं सांगितलं तिनंच घात केला.

"मी आईले समजावतो, राजदीपले सांगतो, अजून जमंल," ती म्हणत होती. मी ऐकून घेतलं नाही.

दिव्यानीला सगळं सांगितलं. "बाई, त्यानं मले सोता विचारलं असतं ना, मी त्याच मिनिटाले रिपोर्टचा फोटो पाठवला असता," ती म्हणाली. "त्यानं विचारलंच नाई. आता त्याले हो काऊन म्हणू?" निळी साडी तिनं मला देऊन टाकली.

त्या संतापात मी एक गोष्ट केली, आणि तिची जबाबदारी नूतनवर ढकलता येत नाही. नंदिनीला समोर बसवून मी सांगितलं, "शाळेत काही दुखलं तर कोणाले सांगायचं नाई. सिस्टरले तर बिलकुल नाई. घरी येऊन मले सांगायचं." तिनं मान हलवली. शहाणी पोर आहे, सांगितलेलं ऐकते.

फेब्रुवारीत थंडी परत फिरली. एके दिवशी चार वाजता व्हॅन दारात थांबली आणि नंदिनी उतरेचना. आत सीटवर बसली होती, ओठ दाताखाली दाबलेला, दोन्ही पाय पोटाशी घेतलेले. मी उचलायला गेले तर तिनं किंचाळून माझा हात ढकलला.

"कधीपासून दुखून राह्यलं?"

"पहिल्या सुटीपासून."

पहिली सुटी अकराला होते.

"मग सिस्टरले काऊन नाई सांगतलं?"

"तूच म्हटलं ना," ती म्हणाली.

पाच तास. पाच तास माझी सहा वर्षांची पोर माझा शब्द पाळत बाकावर बसून राहिली होती. गडचिरोलीला दवाखान्यात चार दिवस सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी नूतन आली, दारातच थांबली. नंदिनीनं तिला पाहून तोंड भिंतीकडं वळवलं. ते तिला मीच शिकवलं होतं. आणि मला ते बघवलं नाही.

जून आला. नूतन दुकानात आली, शाळेचा कागद पुन्हा छापायचा होता. सावलीत दुसरं दुकान नाही असं नाही. ती माझ्याकडंच आली, का ते मी विचारलं नाही. काउंटरवर तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती. मी जुनी फाईल उघडली, एक बदल केला आणि पहिली प्रत काढून तिच्यासमोर ठेवली.

ती वाचत सातव्या सूचनेपर्यंत आली. 'मुलाचा कोणताही आजार शाळेपासून लपवू नये.' ठळक अक्षरांत, पूर्वीसारखीच. त्याच्या पुढं काही नव्हतं.

"खालची ओळ राह्यली वाटते," ती हळूच म्हणाली.

"राह्यली नाई. काढली. खोटं छापत नसतो मी."

तिचे डोळे भरले. भरू दे. मी खणातून नंदिनीचा फॉर्म काढला, रात्रीच भरून ठेवलेला. आजार: सिकलसेल, एसएस. दर तासाला पाणी द्यावे. दुखते म्हणाली की लगेच फोन करावा. यंदा न लिहिणं मला परवडणारं नव्हतं. ते पाच तास मी पाहिले होते, आणि पाणी पाजायचं तर तेही हिच्याच हातून. विहारातून गावभर झालंच होतं, म्हणून मी तो फॉर्म गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला आणि तिच्या हातात दिला.

"नंदिनीले मी सांगतलं आहे," मी म्हटलं. "दुखलं का सिस्टरकडं जायचं."

नूतननं मान हलवली. मग सवयीनं कागद दुमडायला लागली, एक पदर, दोन पदर.

"घडी कायले करून राह्यली आता?" मी म्हटलं.