मादागास्करचा पैरा

सड्यावर. रेंज: दोन काड्या

जांबोटीच्या वरच्या सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठाराच्या, टोकाला एक काळा धोंडा आहे. त्याच्यावर उभं राहिलं, तोंड कणकुंबीकडं केलं आणि मान अजिबात हलवली नाही, की फोनवर मादागास्कर लागतं. ही जागा शोधायला भावकूला पंधरा दिवस लागले. शोधल्यावर त्यानं ती गावाला अशी दाखवली, जणू धोंडा त्याच्या बापजाद्यांनीच आणून ठेवला होता.

तिकडं त्याची लेक आहे, नीलम. बेळगावात सिव्हिलचा डिप्लोमा, मग दोन वर्षं कंत्राटदाराकडं नोकरी, आणि एक दिवस म्हणाली, "आप्पा, मी दोन वर्षं परदेशी जाते. एका संस्थेची स्वयंसेवक म्हणून. तिथल्या डोंगरात एका शाळेला झऱ्याचं पाणी आणायचंय."

"पगार?"

"पोटापुरता."

आई, यशोदाबाई, दोन दिवस भांडी आपटत होती. भावकू मात्र येणाऱ्या प्रत्येक बसच्या कंडक्टरला सांगत सुटला.

"मादा काय रं?" शेजारचा नागेंद्र मुद्दाम विचारायचा.

"गास्कर. आफ्रिकेच्या बगलंत. आपल्यावानीच भात खात्यात. तीन टायम!"

"आणि पाणी आणायला जांबोटीची पोरगी? आपला नळ अजून कोरडाच हाय की."

"ते तुझ्या मेंबराला इचार. माझी लेक परदेशातली कामं बघती."

तिची वाक्यं, जशी तुटत आली तशी

"आप्पा, हितं भात झाला की त्याच पातेल्यात पाणी उकळत्यात, खालच्या करपटीसकट, आणि तेच पित्यात. पहिल्या दिवशी मला वाटलं, भांडं भिजत घातलंय. ओतून दिलं मी. घरवाल्या आजीचं तोंड बघायचं होतं..."

"...न्हाय, एकटी कुठं? खोलीत दोन उंदीर हायत..."

"...चिखल आपल्यासारखाच. वास मात्र येगळा..."

"...पाणी माझं मीच आणते. आजी घागर धरायला येती, मी देत न्हाय. परवा कोंबडी घेऊन आली, परत पाठवली. कुणाची मिंधी न्हाय मी, आप्पा."

हे शेवटचं वाक्य भावकूनं बसस्टँडवर तीनदा सांगितलं. मिंधं व्हायचं नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. त्याच्या घरातलं सोनंनाणं म्हणाल तर तेवढंच.

पाच तारीख. त्याच धोंड्यावर

आवाज ऐकल्याबरोबर त्याला कळलं, पोरीचं काहीतरी बिनसलंय.

"आठशे मीटर चर खणायचा हाय, आप्पा. पाईप कधीच आलेत. चर गावानं खणायचा, अशी संस्थेची अट हाय. तीन बैठका घेतल्या. चित्रं काढून लावली. माना हलवत्यात, गोड हसत्यात आणि सकाळी एक माणूस येत न्हाय. वीस तारखेला संस्थेची बाई येणार. चर नसला तर पाईप दुसऱ्या गावाला. मग मी पण परत येते. बास झालं."

"ये की," भावकू म्हणाला. "घर तुझंच हाय."

सडा उतरताना मात्र कंडक्टरला काय सांगायचं, हे त्याच्या मनात आधी आलं. लेक तिथं एकटी रडत असेल, हे मागून. त्याची त्याला लाज वाटली.

सहा तारीख. शेतात. रेंज नाही

सुगीचे दिवस. नागेंद्राच्या शेतात कापणी. भावकू विळा घेऊन बांधावर पोचतो तोवर ओढ्यापलीकडचे मारुतीराव समोर आले. मूळचे बेळगावशेजारच्या हिंडलग्याचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर इथं चार एकर घेतलेले. माणूस देवासारखा. शाळेच्या पोरांना वह्या वाटतात, अडल्यानडल्याला जीप देतात, पण कुणाच्या दारात कपभर चहा घेत नाहीत.

"भावकू, भात गळायला लागलंय रे. दुप्पट मजुरी देतो, चार माणसं दे."

"कुठनं देऊ सायेब? आज नागेंद्राकडं, उद्या जयाबाईकडं. सगळी पैऱ्यात हायत."

पैरा म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात राबा, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, कागद नाही. पण पैरा चुकवला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.

"माझ्यासाठी एक दिवस जमत नाही? मी गावासाठी एवढं करतो..."

"करताय की! पण घेताय कुठं?" भावकूच्या तोंडून निघून गेलं. "तुमी कुणाचं कायच घेत न्हाय. फेडायचं म्हटलं तरी कसं फेडावं? मग माणूस तुमच्या बांधाला कशाच्या ओढीनं येणार?"

आणि तो तिथंच थबकला. आपण मारुतीरावांशी बोलतोय, की आणखी कुणाशी?

विळा त्यानं मारुतीरावांच्या हातात ठेवला. "धरा. माझ्या जागी नागेंद्राचं भात कापा. उद्या चौघं तुमच्याकडं येतील. माझा शबुद."

"अरे, पण मला..."

"नागेंद्र शिकवील!"

अठ्ठावन्नाव्या वर्षी भावकू सडा पळत चढला.

सड्यावर. एकच काडी

"नीलू, तिथं आता शेतात काय चाललंय?"

"उजाडतंय अजून. भाताची लावणी हाय सगळीकडं. का?"

"तू गेलीस लावायला?"

"मी कशाला? मी संस्थेच्या कामाला आलेय."

"आणि कोंबडी परत केलीस."

"तुमीच सांगितलंय न्हवं, मिंधं व्हायचं न्हाय म्हणून?"

"व्हय. चुकलं माझं."

हे तीन शब्द या माणसानं आजवर बायकोलाही म्हटले नव्हते.

"कोंबडी घे. आजीला घागर धरू दे. करपटीचं पाणी मागून पी. आणि उद्या चिखलात उतर. पोरी, तू नुसती देत सुटलीयास. फेडू न देणाऱ्याच्या दारात कुणी..."

काडी गेली. राहिलेलं भावकूनं आफ्रिकेच्या दिशेनं ओरडून सांगितलं.

मधले अकरा दिवस

फोन नाही.

अठरा तारीख. बसस्टँड. नवा टॉवर कालच चालू झालाय. रेंज: चार काड्या

आज चेहऱ्यासकट फोन आला. यशोदाबाई खांद्यावरून डोकावत होती, नागेंद्र दुसऱ्या खांद्यावरून. नीलमच्या पोटऱ्या चिखलानं माखलेल्या. मागं डोंगराच्या अंगावर माणसंच माणसं, लांब दांड्याची खोरी घेऊन.

"अकरा दिवस, अकरा घरची लावणी केली, आप्पा! पहिल्या दिवशी सगळ्या बायका हसत होत्या. मग माझी ओळ बघितली आणि गप्प झाल्या. म्हटलं, ही जांबोटीची ओळ हाय. आज पहाटे दार उघडलं तर अंगणात ही सगळी! निम्मा चर झालासुदिक. हितं पैऱ्याला 'हाताचं उत्तर' म्हणत्यात."

"आणि ती संस्थेची बाई?"

"परवा येईल. पाईप आता कुठं जात न्हाईत."

भावकूनं विचारायचं ते विचारलं. "मग तू कधी येतीस?"

"कशी येऊ? मी गेले अकरा घरी. आज आली चौतीस घरं. तेवीस घरांचा पैरा माझ्यावर हाय, आप्पा. फेडल्याबिगर येता यायचं न्हाय."

यशोदाबाईनं फोन हिसकावला. "कोंबडी खाल्लीस का?"

"दोन झाल्या, आई!"

बेळगावची बस लागली. कंडक्टर खाली उतरला, घोळका बघून म्हणाला, "काय भावकूअण्णा, लेक परत येतीय म्हणं? नागेंद्र सांगत होता."

भावकूनं टोपी काढली, झटकली, सरळ करून घातली. बसमधल्या मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"कुठली येतीया! लेक पैऱ्यात हाय."