कटरबाईंचा सल्ला

कानवाल्यांनी ते यंत्र घेतलं तेव्हा त्यांची बायको मुलीकडे जाऊन दोन वर्षं होत आली होती. नातीला सांभाळायला म्हणून गेली आणि तिथलीच होऊन बसली. भांडण नव्हतं, काही नव्हतं. फोन आला की आधी नात "आजोबा!" म्हणून ओरडून पळून जायची, मग बायको विचारायची, "जेवलात?" हे म्हणायचे, "जेवलो." बोलणं संपलं.

नोकरीभर त्यांनी दवाखान्यात लोकांचे कान तपासले होते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा आणि सांगायचं, "आवाज आला की बटण दाबा." म्हणून सगळे त्यांना कानवाले म्हणत. निवृत्त झाल्यावर घरात आवाज उरला तो फ्रिजचा.

एक जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद पडला आणि त्याचं सामान विकायला निघालं. कानवाले गेले होते मायक्रोफोन बघायला. घेऊन आले रेकॉर्ड कापायचं यंत्र. लोखंडी बैठक, तिच्यावर जड थाळी आणि थाळीवरून आडवा सरकणारा दांडा. दांड्याच्या टोकाला कटिंग हेड. आवाज आला की हेडमधली सुई थरथरते आणि फिरणाऱ्या कोऱ्या तबकडीत रेघ कोरत जाते. हमालांनी ते जिन्यावरून चढवलं तेव्हा शेजारचे मास्तर दारात येऊन म्हणाले, "गिरणी घालताय की काय?"

"नाही हो. रेकॉर्ड कापतात यावर."

"कोणाची?"

कानवाले हमालांचे पैसे मोजू लागले.

हेड चालवायला अँप्लिफायर लागतो. स्टुडिओत यंत्राशेजारी एक जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता, पण तो इतका गंजलेला आणि अवजड, की कानवाल्यांनी तो तिथेच सोडला. नवा घेऊ म्हणाले. मालकाने जाता जाता एक फोन नंबर दिला. "या बाई हे मशीन चालवायच्या. आम्ही कटरबाई म्हणायचो. आता लांब राहतात, एकट्याच असतात. पण कान असा, की पलीकडच्या खोलीत टाचणी पडली तर कुठल्या आकाराची ते सांगतील."

कानवाल्यांनी दुपारच्या चहानंतर फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "कोण? मशीन तुम्ही घेतलंत? हेड नीट आहे ना? जाळाल हं! त्याच्या आतली तार केसासारखी आहे."

हेड आणि अँप्लिफायर एकमेकांना पेलले पाहिजेत, बाईंनी समजावलं. हेडची तार विजेला किती विरोध करते, म्हणजे तिचे ओहम किती, ते आधी मोजा. त्याला जुळेल असा अँप्लिफायर घ्या. कानवाल्यांनी मोजलं आणि दुसऱ्या दिवशी कळवलं, "साठ, बाई."

"मग सोपं आहे. बाजारातला कुठलाही छोटा चालेल."

मीटर सांगत होता साठ आणि बाजारातले अँप्लिफायर होते चार-आठ ओहमचे. कानवाल्यांना शंका आली. पण जिने आयुष्य यात घालवलं तिला आपण काय शिकवणार? आणि खरं सांगायचं तर शंका काढली असती तर गोष्ट लवकर संपली असती. त्यांना ती संपायला नको होती. आज या अँप्लिफायरबद्दल विचार, उद्या त्याबद्दल. बाईही लगेच फोन उचलायच्या, जणू फोनशेजारीच बसलेल्या असाव्यात. मधूनच विषय सुटायचा. एका गायिकेच्या 'स'ने हेड कसं जळलं ते बाई रंगवून सांगायच्या. "स आणि श म्हणजे विस्तव! बोलताना काही वाटत नाही, पण तारेतून जाताना भाजून काढतात."

शेवटी छोटा अँप्लिफायर आला. कानवाल्यांनी तबकडी लावली, सुई टेकवली, बोलले. वाजवून पाहिलं तर उशीखाली कोणीतरी कुजबुजत असावं तसा आवाज. आवाज वाढवला तर नुसती खरखर.

"मोठा घ्या," बाई म्हणाल्या. "काहीतरी कमी पडतंय."

दुकानदार तर टपलेलाच होता. "साहेब, हा न्या. भिंती हलतील!"

"मला सुई हलवायची आहे, भिंती नाही," कानवाले म्हणाले. पण तरी त्यांनी तो आणला. तारा जोडायला बसले आणि हात थांबला. एवढी ताकद केसासारख्या तारेत सोडायची? त्यांनी पुन्हा फोन लावला.

"बाई, एकदा खात्री करतो. हेड साठ ओहमचं आहे."

"हो हो. आठच म्हणालात ना."

"साठ."

"तेच म्हणतेय मी, आठ!"

कानवाल्यांनी हातातल्या तारा खाली ठेवल्या. काचेच्या खोलीपलीकडे बसून हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. कानातून आधी स जातो, मग श, फ. माणसाला वाटतं लोकच पुटपुटतात. घरात माणसं असली तर कोणीतरी टोकतं. एकटं असलं तर कोण टोकणार?

त्यांनी सावकाश विचारलं, "बाई, मी एक-एक शब्द म्हणतो. ऐकू येईल तसा परत म्हणाल?"

"माझी परीक्षा घेताय की काय?" बाई हसल्या. पण तयार झाल्या.

"सात." "आत." "सगळे." "अगळे... असा काय शब्द आहे?"



"म्हणजे आठ नव्हे?" बाईंचा आवाज बारीक झाला होता.

"नाही."

"पुन्हा म्हण." पहिल्यांदाच बाईंनी कानवाल्यांना अरे-तुरे केलं.

"साठ."

"मला आठच ऐकू येतंय रे," त्या म्हणाल्या. मग घसा साफ करून म्हणाल्या, "पाचाच्या पुढचा आकडा आणि त्यावर शून्य, असं ना? मग तो मोठा धोंडा परत कर. हेडशेजारचा जुना व्हॉल्व्हचा आण. त्याच्या मागच्या बाजूला वेगवेगळ्या ओहमची टोकं आहेत. गंज काय, घासला की जातो." आणि फोन ठेवला.

त्यानंतर बाईंनी फोन उचलला नाही.

जुना अँप्लिफायर नशिबाने अजून तिथेच होता. कानवाल्यांनी तो आणला, घासला, दोन व्हॉल्व्ह बदलले, योग्य टोकाला तार जोडली. या वेळी सुईने अशी रेघ कापली की बघत राहावं. काळी सालं केसांच्या गुंत्यासारखी निघत होती. वाजवलं तर खोलीत त्यांचाच आवाज, समोर बसून बोलल्यासारखा. सांगायला धावले तर घरात कोणी नव्हतं. रोजच नव्हतं, पण त्या दिवशी ते फार लागलं.

त्यांनी रेकॉर्ड कागदात गुंडाळली, कान तपासायची पेटी घेतली आणि मालकाकडून पत्ता घेऊन बसने बाईंच्या गावी गेले. बेल वाजवून बोट दुखलं. शेवटी खिडकीवर त्यांची सावली पडली, ती बघून दार उघडलं. समोर लहानखुरी, पाठीत वाकलेली बाई. तो खणखणीत आवाज हिच्यात मावतो कुठे, असं त्यांना वाटलं.

"कानवाले ना?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं उंच असशील."

चहा झाला. पेटी बघून बाई आधी चिडल्या, मग मुकाट्याने हेडफोन लावून बसल्या. जाड आवाजांना त्यांनी पटापट बटण दाबलं. मग आवाज बारीक होत गेले. बाईंची बोटं बटणावर तशीच राहिली. त्या वाट बघत होत्या, चेहरा अगदी सावध.

"कर ना सुरू," त्या म्हणाल्या.

कानवाल्यांनी आवाजाची खुंटी मागे फिरवली आणि दमायला झालंय म्हणून पेटी बंद केली. पण बाईंना कळलं होतं. त्यांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला.

मग रेकॉर्ड हातात घेतली. वाजवली नाही. भिंग काढून खिडकीशी गेल्या, तबकडी तिरपी धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"खोली छान आहे."

"हो ना, ऊन येतं चांगलं," कानवाले आजूबाजूला बघत म्हणाले.

"अरे, रेघेची खोली!" बाई खो-खो हसल्या. हसू ओसरल्यावर विचारलं, "काय बोललायस यात?"

"तपासणीचे शब्द. घर, पाणी, झाड. मायक्रोफोनसमोर बसलो आणि दुसरं काही आठवेना."

बाईंनी मान हलवली. हसल्या नाहीत.

पुढे कानवाल्यांनी त्यांना श्रवणयंत्र बसवून दिलं. भांडी आपटल्याचे आवाज सहन होत नाहीत म्हणून बाई ते बहुतेक डबीतच ठेवतात. फोनवर तर ते शिट्टीच मारतं, त्यामुळे दुपारचं बोलणं बंद झालं ते झालंच. कानवाले आता दुपारी रेकॉर्ड कापतात. जिन्यावरची पावलं, मास्तरांची खोकल्याची उबळ, पाण्याची मोटर, जे मिळेल ते. एखादी बरी जमली की बाईंना पाठवून देतात.

परवा बाईंचा मेसेज आला. "मोटर मधेच बंद पडली का? रेघ सपाट झालीय."

कानवाल्यांनी लिहिलं, "मोटरचा फ्यूज उडाला होता." मग पाठवायच्या आधी आणखी काय लिहावं याचा विचार करत ते चहा गार होईपर्यंत बसून राहिले.