गळलेली ओळ

कॉलेजात सगळे त्यांना मोठे सर म्हणत, ती घरी बाबा म्हणायची. विभागप्रमुख आणि सासरे एकच असले की सुनेला ना कामावर मोकळा श्वास, ना घरी. लॅबमधली नोकरी त्यांनीच लावून दिली होती आणि ही गोष्ट घरात कुणी तिला विसरू देत नसे.

त्या वर्षी परीक्षेत सुपरपोझिशनचा प्रयोग आला. सर्किटात दोन बॅटऱ्या असतील तर मधल्या रेझिस्टन्सचा करंट म्हणजे प्रत्येक बॅटरी एकटी असताना येणाऱ्या करंटची बेरीज, एवढाच नियम. मोठ्या सरांच्या छापील पुस्तिकेत कृती होती: एक बॅटरी काढून ठेवा, रीडिंग घ्या, मग दुसरी काढा. पोरं जुन्या जर्नलमधून वीस आणि दहा मिलिअँपिअर उतरवायची, बेरीज तीस दाखवायची आणि मोकळी व्हायची.

चष्मिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलीने मात्र खरंच मोजलं. एकीचे तीस, दुसरीचे पंधरा आणि दोन्ही मिळूनही तीसच. खाली तिने लिहिलं, ‘नियम जुळत नाही.’ मोठ्या सरांनी उत्तरपत्रिका पाहिली आणि सुनेला शून्य मांडायला सांगितलं.

तिने ते लगेच मांडलं नाही. पोरं गेल्यावर तिने स्वतः सर्किट लावलं. तेच तीस, तेच पंधरा. मग तिचं लक्ष गेलं: काढलेल्या बॅटरीच्या जागी टोकं नुसती लोंबत होती, करंटची ती वाटच तुटली होती. तिने दोन्ही टोकं साध्या वायरने जोडली. वीस. दुसऱ्या बाजूला तसंच केलं. दहा.

ती तशीच केबिनमध्ये गेली आणि पुस्तिकेत एक ओळ राहिली आहे, मुलीची चूक नाही, असं तिने सांगितलं. मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला.

“छापताना गळली ती ओळ,” ते म्हणाले. “मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.”

“मग?”

“मग काय? बावीस वर्षं पोरांनी उतरवलेल्या आकड्यांवर मी सह्या केल्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू घरची आहेस, तुला समजायला हवं.”

तिने नवऱ्याला फोन केला. बाबांचं वय बघ, त्यांना दुखवू नकोस, एवढंच तो म्हणाला. संध्याकाळी तिने शून्य मांडलं.

दुसऱ्या दिवशी चष्मिस आली. सुनेने तिला वायर कुठे लावायची ते दाखवलं. चूक पुस्तिकेची आहे, हेही सांगितलं.

“मग शून्य कुणी दिलं, मॅडम?”

“मी.”

सहा महिन्यांनी फेरपरीक्षेत त्या मुलीने वायर लावून अचूक रीडिंग घेतली, सही केली आणि वर न बघता निघून गेली.

पुढे प्रत्येक तुकडीला सून वायरची गोष्ट तोंडी सांगत राहिली, तीही दार लोटून. वर्षअखेरीस पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. मोठ्या सरांनी कौतुकाने पहिली प्रत तिच्या हातात ठेवली. ओळ नव्हतीच. मुखपृष्ठावर त्यांच्या नावाखाली, सहलेखिका म्हणून, तिचं नाव होतं.