आडवा कान, उभं मशीन

आमचे हे तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. इंजिनाशेजारी बसून बसून कान गेले. डॉक्टरांनी मशीन दिलं, तर ते कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवून वर सांगतात, "माका सगळा आयकाक येता."

दोन वर्षं आमच्या घरात बोलणं नाही, नुसता पुकारा. जेवलात? गोळी घेतलात? संपलं. शेजारच्या काशीबाईची एखादी गजाल सांगायची तर ती हळूच सांगावी लागते, आणि हळू ह्यांच्यापर्यंत पोचत नाही. नवऱ्याशी गप्पा-गजाली मारायच्या नाहीत तर लग्न करायचं कशाला? मला फार एकटं वाटायचं.

मी निवृत्त शिक्षिका. मालवणच्या एका साप्ताहिकात माझं शब्दकोडं येतं. अंक आला की हे पेन घेऊन पडवीत बसतात, मला एक अक्षर विचारत नाहीत. म्हटलं, तोंडाने सांगून कळत नाही ना, मग छापूनच सांगते.

त्या गुरुवारी आडवा शब्द होता, 'डोक्याला दोन असतात. काही घरांत नुसते शोभेला.' ह्यांनी झटकन लिहिलं, कान. दुसरा, 'ओठांतून निघतो, पण आत शिरला तरच कामाचा.' शब्द. तेही बरोबर. मग उभा, तीन अक्षरी, 'ऐकायला दिलेलं, पण साड्यांखाली झोपलेलं.' शेवटचा न 'कान'मुळे आयताच मिळाला होता. वरची दोन घरं मात्र मोकळी.

"ह्या काय सुटणा नाय," म्हणाले आणि अंक बाजूला ठेवला.

आमच्या तोंडवली गावात बाकी सगळ्यांना ते सुटलं. दुकानदार मंगेशने तर ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "परशुरामकाका, तीन अक्षरी शब्द गावला काय?" हे तणतणत घरी आले.

"गावभर माझी अब्रू काढलंस!"

"तुमचा नाव खंय आसा त्यात?" मी ओरडले. ओरडावंच लागतं. मग मात्र राहवलं नाही. "माका तुमच्याशी बोलाचा आसा! हळू! दोघांतच!"

कुंपणापलीकडून काशीबाई म्हणाली, "बोल गो रुक्मिणी, माका सगळा आयकाक येता!"

मला हसू आवरेना. हे एकदा तिच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे.

"काय म्हणता ती?"

मी पदर तोंडाला लावला.

"काय म्हणता गो?"

आमच्याकडचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण गजाल चुकवणार नाही. हे तरातरा आत गेले. कपाटाचं दार वाजलं.

बाहेर आले ते मशीन लावून, तेही वाकडं. माझ्या शेजारी बसले. मी सवयीने ओरडले, "काशीबाय म्हणाली..."

हे केवढ्याने तरी दचकले.

"बोंबलतस कित्याक गो? हळू सांग."

मी जवळ सरकले. दोन वर्षांनी पहिल्यांदाच ह्यांना हळू आवाजात गजाल सांगितली.