उतरायच्या पायऱ्या

जिन्याची पहिली नवी पायरी मी ठोकली आणि वरचा मजला तेवढाच वर सरकला. आवाज झाला नाही. जिन्याच्या दोन्ही तिरक्या तुळया मजल्याबरोबर लांबल्या आणि आणखी एका पायरीची जागा रिकामी झाली.

माझी बायको इंदुमती वर होती. जुन्या पायऱ्या वाळवीनं पोखरल्या होत्या. एकीतून तिचा पाय आरपार गेला, म्हणून ती दुपारची झोपलेली असताना मी त्या सगळ्या उपटून काढल्या. संध्याकाळपर्यंत नव्या बसवून तिला हाताला धरून खाली आणायचं, असा माझा बेत होता.

"अहो, चहाला कशी उतरू?" तिनं वरून विचारलं.

"बसवतोय. फणसाचं लाकूड आहे, जन्मभर टिकेल."

मी दुसरी ठोकली. मजला आणखी वर गेला. मी थांबलो की तोही थांबायचा, पण थांबून ती खाली येणार नव्हती. मी ठोकत राहिलो.

बाहेर जाऊन पाहिलं तर घर होतं तेवढंच उंच होतं. शेजारचे तावडे कुंपणाशी उभे होते. त्यांना सगळं सांगितलं.

"मग शिडी लावा," ते म्हणाले.

त्यांची शिडी आणून आत लावली. ती पासंगालाही पुरली नाही.

इंदुमतीनं साड्यांना गाठी मारून टोपली खाली सोडली. मी भाकरी पाठवली, पाणी पाठवलं, मग स्वेटर, कारण वर गारठा वाढला होता. तिचा आवाज उशिरा पोचू लागला. 'जेवलीस का' असं विचारावं, तर उत्तर येईपर्यंत मला पुन्हा भूक लागलेली असायची.

भिंतींची माती मात्र होती तेवढीच होती. त्या वर ताणल्या गेल्या तसं खालचं घर आवळत चाललं. स्वयंपाकघर कपाटाएवढं झालं. रंधा मारताना कोपर भिंतीला घासायचं. फळ्या संपल्या तेव्हा मी दारं उतरवली, मग पलंग चिरला.

एका सकाळी मी हाक मारली आणि उत्तर आलंच नाही. पुन्हा मारली. ठोकलेल्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून मी वर बघत राहिलो. वर नुसता अंधुक उजेड होता.

दुपार कलल्यावर तिचा आवाज आला. "मी आहे. तुम्ही फार हळू बोलता हल्ली."

मी लगेच हातोडा आणि खिळे टोपलीत टाकले, पलंगाची उरलेली फळी साडीच्या टोकाला बांधली.

"तू वरून बसव."

"मला येत नाही."

"वाकडी बसली तरी चालेल."

तिनं टोपली वर ओढून घेतली. मग वर ठोकल्याचा आवाज झाला, मध्येच एकदा बोटावर बसल्याचा 'आई गं'. आणि मजला खाली आला. एका पायरीएवढाच, पण आला. भिंती सैल झाल्या, माझे खांदे मोकळे झाले. मी ठोकलेल्या पायऱ्या चढायच्या होत्या. तिच्या उतरायच्या होत्या.

"आणखी फळ्या द्या," ती म्हणाली. आता तिचा आवाज जरा लवकर पोचला.

खाली लाकूड उरलं नव्हतं. मी तळापासून माझ्याच पायऱ्या उपटत वर सरकू लागलो आणि एकेक टोपलीला बांधून वर पाठवली. ती ठोकत उतरत होती. आधी तिच्या टाचा दिसल्या, मग स्वेटरची उसवलेली कड, मग ती पूर्ण. तोंडात खिळे धरलेले, केसांत भुसा. तिनं खिळे काढून हातात घेतले.

"वाळलात हो," ती म्हणाली.

मला हसू आलं, आणि मग रडू. किती दिवसांनी माझा श्वास पोटापर्यंत गेला. ती माझ्या वरच्या पायरीवर बसली आणि आपले पाय माझ्या मांडीवर ठेवले. बर्फासारखे गार होते. मी ते चोळू लागलो.

"खाली जाऊ या ना," ती म्हणाली. "चहा करते."

मी पायाखाली पाहिलं. आमच्या खाली एकही पायरी नव्हती. खालचा ओटा, त्याच्यावरची शेगडी आणि दोन कप हळूहळू लांब चालले होते, आवाज न करता.

"जाऊ," मी म्हणालो. "आधी तुझे पाय गरम होऊ देत."