ब्रदर डेल्मरचं गार पाणी

बर्फावर कर्लिंग खेळायच्या हॉलमध्ये आज पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर रोग बरे करणारे धर्मोपदेशक ब्रदर डेल्मर बाह्या सरसावून हात घासत होते. ब्रशनं, साबणानं, कातडी लालबुंद होईपर्यंत. मग त्यांनी चांदीच्या सुरईतलं 'पाणी' पहिल्या रांगेच्या तळहातांवर ओतलं.

"गार लागलं? रोग निघाला, लेकरांनो! आता बघा, पाणी कुठंय? रोग सोबत घेऊन गेला की नाही?"

हात कोरडे होते. लोक रडत होते. त्यांत माझी आईही होती.

आई कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या गावच्या इस्पितळात जन्मभर ऑपरेशन थिएटरची मदतनीस होती. सर्जनांचे हात घासायचे ब्रश तीच उकळून द्यायची. त्या सभेच्या आठवडाभर आधी तिला पित्ताशयाच्या ऑपरेशनला नेत होते, तेव्हा तिनं दारातून पाहिलं: सर्जन डॉ. क्विल बाईंनी भिंतीवरच्या डब्यातलं काहीतरी कोपरापर्यंत चोळलं आणि त्या निघाल्या. ना ब्रश, ना नळ. आई स्ट्रेचरवरून उतरली.

"अहो, हात तरी धुवा!"

"आजी, साबणानं आधीच धुतलेत. हे अल्कोहोल आहे. वाळेपर्यंत चोळलं की ब्रशनं घासल्यावर मरतात तेवढेच जंतू मरतात, आणि ब्रशसारखी कातडी खरचटत नाही. तपासून पाहिलंय हे."

"मला शिकवू नका. तुम्ही रांगत होतात तेव्हा मी ब्रश उकळत होते."

शेजारची बर्निस म्हणाली, "ब्रदर बघ कसे घासतात! जुन्या वळणाचा माणूस." आईला तेवढं पुरलं; ऑपरेशन सोडून ती ब्रदरांच्या सभेला गेली. मी विनवलं, भांडले. पित्ताशय आतल्या आत सडून फुटलं. आई गेली.

पुढच्या सभेला मी डॉ. क्विलना घेऊन गेले. त्यांनी इस्पितळातली बाटली बर्निसच्या हातावर उपडी केली.

"गार?"

"हो गं बाई!"

"आता कुठंय?"

"उडालं!"

"अल्कोहोल उडताना कातडीची ऊब घेऊन जातं. रोग जागचा हलत नाही. सुरईत हेच आहे."

एका बशीत बाटलीतलं, दुसरीत सुरईतलं ओतून त्यांनी काडी लावली. दोन्हींवर सारखीच निळी ज्योत.

ब्रदर हसले. "पाहिलंत? आपलं पाणी इस्पितळवालेही चोरून वापरतात! मग पोट फाडून घ्यायला तिकडे कशाला जायचं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बर्निसनं माझा हात दाबला. "तुझ्या आईला हे पाणी कमी पडलं गं."

हात लाल झाले म्हणजे स्वच्छ झाले, गार लागलं म्हणजे बरं वाटलं, असं आपल्याला वाटतं. वाटणं वेगळं आणि तपासून पाहणं वेगळं. कृपा करून तपासा. ज्यांनी तपासलंय त्यांना विचारा. हे मी त्या हॉलमध्येही ओरडून सांगितलं.

बर्निस तोवर रांगेत उभी होती, नवऱ्याला घेऊन. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन दोघांनी रद्द केलं आहे.